मुलाचं नाव 'पांडुरंग' ठेवायचंय, घरात दोन तट पडलेत

रानजाई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. दोन आठवड्यांपूर्वी आम्हाला मुलगा झाला. आषाढातला जन्म, एकादशीला चार दिवस होते, पालखी माळशिरसच्या आसपास असेल तेव्हा. नवऱ्याचं गाव फलटण तालुक्यातलं, पालखीच्या वाटेवरचं. त्याचे आजोबा, म्हणजे बाळाचे पणजोबा, माळकरी होते, सदतीस वाऱ्या केल्या पायी. त्यांचं नाव पांडुरंग. मी त्यांना पाहिलेलं नाही पण लग्न झाल्यापासून घरात रोज काही ना काही त्यांचं ऐकतेच, विहीर आबांनी खणली, हा आंबा आबांनी लावला, असं. दवाखान्यात बाळाला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाच माझ्या मनात हे नाव आलं आणि नवऱ्याला सांगितलं तर त्याचे डोळे भरले, तो म्हणाला मला वाटत होतं पण तुला म्हणायला धीर होत नव्हता.
आता अडचण. माझी आई आणि बहीण म्हणतात अगं पांडू म्हणून चिडवतील पोराला. नणंद (आत्या तीच, त्यामुळे नाव ठेवायचा मान तिचा) म्हणते रियांश ठेवू. सासूबाई म्हणतात पत्रिकेत हस्त नक्षत्राचा चौथा चरण आहे, अक्षर 'ठ' आलंय, त्याचं काय. बारसं सव्वा महिन्यानंतर करतोय, म्हणजे तीनेक आठवडे आहेत हातात. ज्यांची स्वतःची नावं जुन्या वळणाची आहेत किंवा ज्यांनी मुलांची ठेवलीयेत त्यांनी खरं खरं सांगा, त्रास होतो का?

चिंचपेटी
अभिनंदन! बिनधास्त ठेवा. बाळाला खूप आशीर्वाद.

दत्तू_मास्तर
आधी अभिनंदन. माझं नाव दत्तात्रय आणि मी सव्वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतोय, तेव्हा दोन्ही बाजूंनी सांगू शकतो.
नावाचा त्रास मला एकच झाला, तो म्हणजे दत्तात्रय की दत्तात्रेय. दाखल्यावर एक, बँकेत दुसरं, पॅनकार्डावर तिसरंच काहीतरी, आणि इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक कारकुनाने आपल्या मनाने केलं. त्या मानाने पांडुरंग सोपं आहे, पण आजच ठरवा की इंग्रजीत शेवटी काय लिहायचं आणि मग सगळीकडे तेच. पांडु मराठीत ऱ्हस्व आहे, लोक दीर्घ लिहितात, तेही बघा.
दुसरं, माझ्या दुसरीच्या वर्गात यंदा तीन आरव आहेत. मी आरव म्हटलं की तिघं उठतात. मग मुलांनीच मोठा आरव, चष्म्याचा आरव आणि आरव कुंभारवाडा अशी नावं पाडली. याच वर्गात एक तुकाराम आहे. त्याला कुणीही काहीही म्हणत नाही, तुकाराम म्हटलं की एकच पोरगा उठतो आणि सगळ्या शाळेला माहीत असतो.

हिरवी_मिरची
मी विरुद्ध बाजूने लिहिते कारण इथे सगळे ठेवा ठेवाच म्हणणार. माझ्या सख्ख्या भावाचं नाव पांडुरंग. आजोबांचंच. पुण्यात इंग्रजी शाळेत होता. पाचवीपासून 'ए पांडू, शिट्टी वाजव' हे रोज. पांडू म्हणजे हवालदार हे सगळ्या महाराष्ट्राच्या डोक्यात बसलंय, ते तुम्ही एकट्या पुसू शकणार नाही. तो घरी काही बोलायचा नाही, पण सातवीत त्याने स्नेहसंमेलनात भाग घेणं सोडलं कारण स्टेजवर नाव पुकारायचे. एकोणिसाव्या वर्षी त्याने स्वतः प्रतिज्ञापत्र करून राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदललं, प्रणव केलं. आईवडील गप्प बसून होते त्या दिवशी. आपल्या भावना आपल्यापाशी, नाव मात्र त्याला वागवायचंय.

कोकणकडा
मिरचीताई, भावाचं वाचून वाईट वाटलं. पण पांडुरंग नावावर हवालदाराचाच शिक्का का राहावा? साने गुरुजी पांडुरंग सदाशिव साने. सेनापती बापट पांडुरंग महादेव. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे, १९६३ साली भारतरत्न मिळालेले काणे, पांडुरंग वामन. वर्ध्याचे खानखोजे, गदर चळवळीतले, जे पुढे मेक्सिकोत जाऊन मक्याच्या वाणांवर काम करणारे शेतीशास्त्रज्ञ झाले, ते पांडुरंग सदाशिव. एका नावात शिक्षक, क्रांतिकारक, पंडित आणि शास्त्रज्ञ आहेत, अजून काय पाहिजे.

हिरवी_मिरची
@कोकणकडा, यादी छान आहे आणि मला माहीतही आहे. पण ते चौघंही अशा काळातले की वर्गात शेजारी गोविंद, वामन, सदाशिव बसलेले असायचे. पाचवीतला मुलगा चिडवणाऱ्याला मेक्सिकोचा मका सांगत बसत नाही.

घाटमाथा
हे मात्र खरं. पण चिडवण्याचं म्हणाल तर मराठी पोरं कुठल्याही नावाला 'या' लावतात, केशव असो नाहीतर कबीर. केश्या, नाऱ्या, गोंद्या तसाच आरव्या आणि विहान्या. आमच्या गल्लीत एक अद्विक आहे त्याला सगळे आद्या म्हणतात.
आणि ही सवय काही आजची नाही. संत नामदेवांच्या मुलांची नावं आठवा: नारा, विठा, गोंदा, महादा. म्हणजे नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव. सातशे वर्षांपूर्वी पंढरपुरातच दामाशेटींच्या घरात ही हाक चालत होती आणि ती पोरं त्याच तोकड्या नावांनी अभंगांत आली. माझ्या मते तोडलेल्या नावाचं वाईट वाटून घेऊ नये, जवळचं माणूसच नाव तोडतं.

सुपारी_कातरताना
'ठ' वाचून हसून हसून पुरेवाट. हस्त नक्षत्राची अक्षरं पू, ष, ण, ठ. चार चरणांत एकच माणसाळलेलं अक्षर, ते तुमच्या बाळाने सोडून दिलं! माझ्या मामेबहिणीच्या मुलाचं आर्द्रा, तिथे कू, घ, ङ, छ. ङ वरून नाव शोधायला तिचे सासरे शब्दकोश घेऊन बसले होते, गंमत नाही, खरंच बसले होते.
बाकी सासूबाईंना सांगा, जुन्या लोकांनी यावर उपाय करून ठेवलाय. नावरस नाव वेगळं, हाकेचं वेगळं. नावरस फक्त पत्रिकेत लिहायचं आणि लग्नाच्या वेळी बघायचं. माझ्या वडिलांचं पत्रिकेतलं नाव त्यांच्या साठीशांतीला आम्हाला कळलं.

फोंडेकार
गोंयांतून नमस्कार. आमच्याकडे हा प्रश्न जरा सोपा असतो कारण नाव घरातला देवच देतो. मंगेशी गावचा मंगेश, नागेशीचा नागेश, रामनाथीचा रामनाथ, जांबावलीचा दामोदर. माझ्या वर्गात चार दामोदर होते, चौघांचे चार दामू-दामले झाले पण कुणाला कमीपणा वाटला नाही कारण देवालाच आम्ही लाडाने दामबाब म्हणतो! देवाला जे चालतं ते पोराला का चालू नये.
माझ्या मुलाचं नाव दामोदर, वय नऊ, पणजीच्या शाळेत आहे, मजेत आहे.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या इकडं शेगावमुळं दर तिसऱ्या घरी गजानन. मी पण गजाननच. कॉलेजात गज्या झालो, हापिसात गजूभाऊ, बायको अहो म्हणते. नाव जुनं की नवं हा विचारच कधी मनात आला नाही बुवा. एक सांगू, बाहेरगावी कुठं माणूस भेटला अन् नाव गजानन सांगितलं की समोरचा लगेच 'शेगावकडले का?' विचारते अन् चहा पाजते. आरवला कोण चहा पाजन?

चिंचपेटी
@वऱ्हाडी_ठेचा, चहाचा मुद्दा पटला.
आमच्या खापरपणजोबांचं नाव दगडू होतं. मला तर दगडू, धोंडू, भिकू ही नावंसुद्धा गोड वाटतात. हल्ली कुणी का ठेवत नाही?

कोकणकडा
ती नजर लागू नये म्हणून ठेवायचे. आधीची मुलं दगावली की पुढच्याला मुद्दाम असं नाव, म्हणजे सटवाई असो की यम असो, हा दगड आहे, हा धोंडा आहे, याला कशाला न्यायचं म्हणून सोडून जाईल. भिकाजी म्हणजे देवाकडे भीक मागून मिळालेला. मुलाचं नाक टोचून नथ घालायचे, त्याचा नथू. महर्षी कर्वे धोंडो केशव, १८५८ चा जन्म, शंभरी पार केली! त्या काळात किती मुलं जायची हे त्या नावांवरून कळतं. आज ठेवायची गरज उरली नाही ही चांगलीच गोष्ट.

निळं_पाखरू
हा धागा शांतपणे वाचत होतो. चिंचपेटी आणि घाटमाथा, तुमच्यावर राग नाही, पण एक बाजू सांगावीशी वाटते.
माझ्या आजोबांचं नाव कचरू. कारण तेच, आधीची दोन भावंडं गेली होती, आईने मायेने ठेवलेलं नाव. पण गावाने ते मायेने नाही घेतलं. वयाच्या साठीपर्यंत त्यांच्या नातवाच्या वयाची पोरं त्यांना कचऱ्या म्हणून हाक मारायची, वाड्यावरून, बसल्या जागेवरून. वर घाटमाथा म्हणाले की जवळचं माणूस नाव तोडतं. आमच्याकडे लांबची माणसं तोडायची आणि आम्ही त्यांच्या घरातल्या पोरालासुद्धा राव लावायचो. 'या' कोण लावतंय आणि उलटून त्याला लावता येतं का, यावर सगळं आहे.
१४ ऑक्टोबर १९५६ ला आजोबा नागपूरला होते. परत आल्यावर झालेल्या मुलाचं नाव त्यांनी सिद्धार्थ ठेवलं, त्याच्या पाठच्याचं मिलिंद. मिलिंद हे नाव त्यांना औरंगाबादच्या कॉलेजमुळे माहीत होतं, बाबासाहेबांनी काढलेलं म्हणून. मराठी माणसाला आज राहुल, गौतम, मिलिंद, आनंद ही नावं अगदी साधी वाटतात, पण माझ्या आजोबांसाठी ती बंडाची नावं होती. गावात मास्तरांनी हजेरीत सिद्धार्थ म्हटलं तेव्हा ते शाळेच्या कुंपणाबाहेर उभं राहून ऐकत होते, असं वडील सांगतात.
म्हणून जुनं नाव म्हटलं की आमच्या घरात मागे जाऊन शोधायचं काही नसतं. आमचं जुनं नाव १९५६ पासून सुरू होतं. माझ्या मुलाचं नाव सिद्धार्थच ठेवलंय, त्याच्या आजोबांचं.
रानजाई, तुम्ही पांडुरंग नक्की ठेवा. तुमच्याकडे त्या नावामागे विहीर आहे, आंबा आहे. तेच बघायचं.

घाटमाथा
@निळं_पाखरू, मी जे वाक्य लिहिलं ते आता मलाच अपुरं वाटतंय. मी माझ्या गल्लीपुरता विचार केला होता. लिहिलंत ते बरं केलंत. कुंपणाबाहेर उभं राहून ऐकणारे आजोबा डोळ्यासमोरून जात नाहीयेत.

चिंचपेटी
मी पण दगडूबद्दल इतक्या सहज लिहायला नको होतं. धन्यवाद सांगितल्याबद्दल.

मेपल_पान
कॅनडातून. आमचा मुलगा माधव, इथे सगळे मॅडव म्हणायचे, त्याने पहिलीत स्वतः बाईंना दुरुस्त केलं, आता नीट म्हणतात. पांडुरंग इथल्या लोकांना जमेल, त्यात ळ नाही, ण नाही, ज्ञ नाही. माझ्या दिराचं नाव ज्ञानेश्वर, त्याचं स्पेलिंग डी पासून सुरू होतं म्हणून इथे प्रत्येक ठिकाणी त्याला 'मिस्टर डी' असंच बोलावतात. चाळीस वर्षांचा माणूस एका अक्षरावर आला.

अभंगवेडा
जरा अवांतर. पांडुरंग म्हणजे शब्दशः पांढऱ्या रंगाचा, आणि आपला विठोबा तर काळा! लहानपणी हा प्रश्न मी आजीला विचारला तर ती म्हणाली वारकऱ्यांच्या पायाची धूळ अंगावर उडून उडून पांढरा झाला. पंढरपूरचं जुन्या शिलालेखांतलं नाव पंडरगे असं कानडी वळणाचं आहे आणि पांडुरंग त्यावरून घडलं असं काही अभ्यासक मानतात. मला दोन्ही आवडतं, पण लेकाला सांगायचं झालं तर धुळीचंच सांगा.

टेबल_क्र_४
मी एका नगरपरिषदेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर आहे, म्हणून थोडं कामाचं लिहितो. नावासाठी घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, ती दवाखान्यातून बिननावाची होते. नाव नंतर घालता येतं, १२ महिन्यांपर्यंत काही शुल्क नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पण एकदा घातलेलं नाव बदलायला आलात तर फार खेटे घालावे लागतात, आईबापांना रडताना बघितलंय मी. आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, मतदारयादी सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला, त्यामुळे स्पेलिंग तीनदा वाचून मगच सही करा. दत्तूमास्तरांनी लिहिलंय ते अगदी बरोबर.
अजून एक. राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. तेव्हा पूर्ण नाव एकदा मोठ्याने म्हणून बघा. पांडुरंग, मग तुमचं नाव, मग यजमानांचं. कानाला कसं लागतं ते महत्त्वाचं.

रानजाई
@टेबल_क्र_४, म्हणून बघितलं! बाळ झोपलं होतं, त्याच्याजवळ बसून पाचसहा वेळा म्हटलं. पणजोबांचं नाव आणि त्याला चिकटून लगेच माझं, मला फार भरून आलं.
सगळ्यांचे आभार. निळं_पाखरू, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली, तो बराच वेळ काही बोलला नाही. हिरवी_मिरची, तुमचं म्हणणं मात्र अजून डोक्यात आहे, ते मी बाजूला टाकलेलं नाही.

ओवी_गाणारी
रानजाई, एक विचारू? आबांच्या पत्नी, तुमच्या आजेसासूबाई, आहेत का? असतील तर त्यांनी नवऱ्याचं नाव आयुष्यात कधी तोंडाने घेतलंय का?
विचारते कारण आमच्या घरात हे घडलंय. माझ्या थोरल्या भावाचं नाव आजोबांचं, रामचंद्र. माझ्या आईला सासऱ्यांचं नाव घेता येईना, तिने मुलाला जन्मभर 'बाळ' म्हटलं. भाऊ आज एकसष्ट वर्षांचा आहे, आई गेली तोवर बाळच होता. पूर्वी घराघरात हेच. टिळकांचंसुद्धा पाळण्यातलं नाव केशव, पण घरात बाळ म्हणत ते बाळ गंगाधरच राहिले. जुन्या माणसांची अण्णा, नाना, बापू, तात्या ही नावं कितीतरी वेळा अशीच पडलेली असतात. नाव आजोबांचं ठेवलं की घरातल्या बायकांची जीभ अडायची.
तेव्हा तुम्ही हौसेने पांडुरंग ठेवाल आणि घरातली सगळ्यात म्हातारी बाईच त्याला हाक मारू शकणार नाही, असं नको व्हायला.

सुपारी_कातरताना
अरे देवा, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

रानजाई
@ओवी_गाणारी, आजी आहेत. शहाऐंशी वर्षांच्या. तुमची पोस्ट वाचली आणि माझ्या पोटात गोळाच आला, कारण गेल्या सहा वर्षांत मी त्यांच्या तोंडून ते नाव खरंच ऐकलेलं नाही. 'आमचं मानूस', नाहीतर 'ह्यांनी', नाहीतर 'तुजा आजा'. पंढरपूरच्या देवालासुद्धा त्या विठोबा म्हणतात, माउली म्हणतात, इठाई म्हणतात, पांडुरंग कधी म्हणत नाहीत! हरिपाठात ते नाव आलं की नुसती मान हलवतात. मला वाटायचं वयामुळे शब्द सुटतो.
उद्या गावी जातोय बाळाला घेऊन, विचारते.

दत्तू_मास्तर
विचारून सांगा हो इथे. वाट बघतोय.

हिरवी_मिरची
तोपर्यंत मीही सांगते. भावाला फोन केला होता काल, हा धागा वाचून दाखवला. त्याला मी कधी विचारलंच नव्हतं इतक्या वर्षांत. तो म्हणाला, पोरांच्या चिडवण्याचं फारसं नव्हतं, वर्गावरचे एक शिक्षक स्वतः पांडू म्हणायचे आणि वर्ग हसायचा, ते लागलं. पोरं पोरांना बोलतात, त्याला उलटून बोलता येतं. निळं_पाखरूंनी लिहिलं तसंच झालं हे, उलटून बोलता येत नव्हतं.
आणि म्हणाला, त्यांना सांग ठेवा, पण शाळेच्या आधी घरातूनच एक छोटं नाव रुळवा त्याचं. हाकेचं नाव आधीच पक्कं असलं की दुसऱ्याला पाडायला जागा राहत नाही. माझं घरात पूर्णच नाव घ्यायचे सगळे, आजोबांचा मान म्हणून, त्यामुळे छोटं करायचं काम शाळेने केलं.
गावाकडे अजून त्याला पांडुअण्णाच म्हणतात. मी विचारलं चालतं का रे तुला, तर म्हणाला गावाकडे तेच चालतं.
माझा विरोध आता तितका नाही. शाळेवर लक्ष ठेवा इतकंच.

कोकणकडा
भावाला नमस्कार सांगा. यादी देताना मी त्याचा विचार करायला हवा होता.

वऱ्हाडी_ठेचा
काय झालं वो ताई, आजी काय म्हनल्या? चार दिवस झाले, मी रोज येऊन पाहून राहिलो.

रानजाई
उशीर झाला, गावी रेंज नव्हती. सांगते सगळं.
आजी ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. बाळाला त्यांच्या मांडीवर दिलं आणि मी विचारलं, आजी, आबांचं नाव ठेवायचं म्हणतोय, पण तुम्ही हाक कशी मारणार? त्या जराही दचकल्या नाहीत. म्हणाल्या, 'म्या कवाच ठरीवलंय. पंढरी म्हनंन.' मग म्हणाल्या, तुजा आजा वारीला निघाला की मला लोक विचारायचे कुठं गेलं गं मानूस, मी सांगायचे पंढरीला. आता पंढरी घरात आली.
मी तिथेच बसून रडले, नणंद पण. आणि गंमत म्हणजे मिरचीताईंच्या भावाने सांगितलं तेच झालं, छोटं नाव घरातूनच आलं. आम्ही सगळेच आता पंढरी म्हणायला लागलोय. नवरा बाळाच्या अंगाला तेल लावताना सारखा पंढरी, ए पंढरी. रियांशचं नाव परत कुणी काढलं नाही, नणंदेनेच स्वतः सांगितलं की वहिनी, माझ्या आजोबांचं नाव आहे, माझ्याच आधी डोक्यात यायला हवं होतं.

ओवी_गाणारी
पंढरी! किती सुरेख. आजींना माझा साष्टांग.

अभंगवेडा
शहाऐंशी वर्षांत देवाचं एक नाव माणसासाठी बाजूला ठेवलं त्यांनी. यावर मला काही लिहिताच येत नाहीये.

निळं_पाखरू
फार छान. बाळाला जय भीम आणि राम कृष्ण हरी, दोन्ही.

सुपारी_कातरताना
सगळं झालं पण 'ठ' चं काय झालं ते राहिलंच! सासूबाईंची समजूत काढलीत की नाही?

रानजाई
बारसं झालं काल, म्हणून परत आले धाग्यावर.
'ठ' चं आधी सांगते. गुरुजींनी पत्रिकेत ठाकूरदास लिहून दिलं, सासूबाई खूश, पत्रिका कपाटात.
बारसं अंगणातच केलं, आंब्याखाली पाळणा बांधला. कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या सुरू झालं तेव्हा आजी मागे दाराशी उभ्या होत्या. पाळण्याला सवाष्णी लागतात म्हणून त्या स्वतःच पुढे येत नव्हत्या, आणि कुणी बोलवतही नव्हतं. नणंदेने गाणं थांबवलं, जाऊन हात धरून आणलं आणि बाळाला वरून त्यांच्याच हातात दिलं. दोन चुलत सासवा कुजबुजल्या थोड्या. नणंद म्हणाली नाव ज्यांच्या घरातनं आलंय त्यांनी घ्यायचं नाही तर कुणी घ्यायचं. मग तिने बाळाच्या कानात कुर्र करून पांडुरंग म्हटलं, आम्ही सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले, आणि आजींनी पाळण्यात वाकून त्यांची ती हाक मारली, बारीक आवाजात, दोनदा.
घुगऱ्या तीन किलो हरभऱ्याच्या केल्या होत्या, एक दाणा उरला नाही.
@टेबल_क्र_४, उद्या नगरपरिषदेत अर्ज घेऊन जातोय. स्पेलिंग नवऱ्याने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलंय आणि दत्तूमास्तरांनी सांगितल्याप्रमाणे मराठीत पांडु ऱ्हस्वच.

दत्तू_मास्तर
शाबास. सही करायच्या आधी आडनावही एकदा वाचा हो, तिथेच जास्त चुका होतात.